दारावर कोण आले आहे?

२९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे निधन झाले. अशी बातमी आली की जगभरचे लोक विकिपीडियाकडे धाव घेतात. इंग्रजी विकिपीडियावरील कार्टर यांचे पान एका दिवसात २८ लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले. यात विशेष काही नव्हते. अशा गर्दीची विकिपीडियाला सवय आहे. पण त्याच सुमारास अनेकांनी कार्टर आणि रोनाल्ड रेगन यांच्या १९८० सालच्या जाहीर वादसभेची दीड तासाची चित्रफीत लावली. वाहतूक नेहमीच्या दुप्पट झाली, आणि सुमारे तासभर विकिपीडियाला इंटरनेटशी जोडणाऱ्या काही वाहिन्या काठोकाठ भरून गेल्या. काही वाचकांची पाने रखडत उघडू लागली.

तंत्रज्ञांनी वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळवली आणि प्रसंग निभावला. पण एका चित्रफितीने एवढे व्हायला नको होते. मग वाहिन्या भरल्या कशा? शोध घेता असे आढळले, की त्या आधीच बऱ्याच भरलेल्या होत्या. जानेवारी २०२४ पासून चित्रे आणि चित्रफिती उतरवून घेण्याची वाहतूक ५० टक्क्यांनी वाढली होती, आणि ही वाढ वाचकांमुळे झालेली नव्हती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकवण्यासाठी चित्रे गोळा करत फिरणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमांमुळे मुख्यतः ती झाली होती. विकिमीडिया प्रतिष्ठानाने एप्रिल २०२५ मध्ये हा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात आणखी एक चमत्कारिक गोष्ट होती. एकूण पाने पाहण्यात अशा प्रोग्रॅमांचा वाटा सुमारे ३५ टक्के होता. पण सर्वात खर्चिक मागण्यांपैकी निदान ६५ टक्के त्यांच्या होत्या. पाहणे कमी आणि खर्च जास्त, हे कसे?

तालुक्याच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. वाचक शंभर असले तरी बहुतेकांना हवी असतात तीच चाळीस-पन्नास पुस्तके. हुशार ग्रंथपाल ती टेबलावरच ठेवतो. मागील खोलीत, शिडी लावून वरच्या फळीवरचे धूळ खात पडलेले पुस्तक काढायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. आता एक गृहस्थ आले आणि म्हणाले, “पहिल्या कपाटाच्या पहिल्या फळीपासून सुरुवात करू. एकेक पुस्तक द्या, मी चाळतो आणि परत देतो.” ग्रंथपालाची दिवसभर शिडीवरून चढउतार सुरू झाली, आणि टेबलापाशी नेहमीचे वाचक खोळंबले. विकिपीडियाचेही तसेच आहे. वारंवार लागणाऱ्या पानांच्या तयार प्रती सिंगापूर, अॅमस्टरडॅम अशा ठिकाणच्या उपकेंद्रांत वाचकाच्या जवळ ठेवलेल्या असतात. सहसा कोणी न पाहिलेले पान मागितले तर ती मागणी अमेरिकेतील मुख्य केंद्रापर्यंत जाते. माणूस लोकप्रिय पाने वाचतो. प्रोग्रॅम मात्र सगळीच वाचतो.

अशा प्रोग्रॅमांना बॉट म्हणतात. रोबोट या शब्दाचे हे शेपूट. एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर, असा तो जाळ्यावर सरपटत जातो. पानांतील मजकूर काढून घेऊन साठवणाऱ्या बॉटला स्क्रेपर, म्हणजे खरवडणारा, असे नाव आहे. पातेल्याच्या बुडाची खरवड काढताना काय होते हे ज्याला माहीत आहे, त्याला हे नाव पटेल.

बागेतील पाटी

बॉट ही काही नवी गोष्ट नाही. मॅथ्यू ग्रे या विद्यार्थ्याने जून १९९३ मध्ये एमआयटी या संस्थेत ‘वर्ल्ड वाइड वेब वाँडरर’ नावाचा प्रोग्रॅम जाळ्यावर सोडला. जाळे केवढे झाले आहे ते मोजणे, एवढाच त्याचा उद्देश होता. त्याला त्या वेळी १३० संकेतस्थळे सापडली. पण हा भटक्या एकाच पानाकडे दिवसातून पुन्हा पुन्हा फिरकत असे, आणि त्या काळच्या अशक्त संगणकांना तो भार जाणवू लागला. तक्रारी लवकरच सुरू झाल्या.

त्यावर मार्टिन कोस्टर यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये एक साधा उपाय सुचवला. ते तेव्हा इंग्लंडमधील नेक्सॉर या कंपनीत काम करत होते. प्रत्येक संकेतस्थळाने आपल्या पहिल्या पायरीवर ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या नावाची छोटीशी फाइल ठेवावी. बॉटने आत शिरण्यापूर्वी ती वाचावी. फाइलमध्ये जोडीने ओळी असतात. ‘यूजर-एजंट’ या ओळीत बॉटचे नाव आणि ‘डिसअलाऊ’ या ओळीत त्याने कोठे जाऊ नये ते. नावाच्या जागी तारांकन लिहिले तर नियम सर्वांना लागू. ‘डिसअलाऊ’पुढे नुसती तिरपी रेघ लिहिली तर अख्खे संकेतस्थळ बंद. जून १९९४ पर्यंत हा संकेत रूढ झाला. त्याला अधिकृत प्रमाणाचे रूप मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाले. मधली अठ्ठावीस वर्षे सारा कारभार केवळ समजुतीवर चालला.

समजूत हाच शब्द येथे योग्य आहे. या फाइलमध्ये कुलूप, अडसर, पहारेकरी यांपैकी काहीच नाही. ‘फुले तोडू नयेत’ अशी बागेत पाटी असते, तशी ही पाटी आहे. तरी ती इतकी वर्षे चालली, कारण त्यात दोन्ही बाजूंचा फायदा होता. शोधयंत्राचा बॉट पाने वाचून जाई, त्या बदल्यात शोधयंत्र वाचक पाठवी. पाहुण्याने पाटी पाळली तर त्याला पुढच्या वेळीही दार उघडे मिळे.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉटांमुळे हा व्यवहार बिघडला. येथे मजकूर जातो, पण त्याच्यामागून वाचक येतीलच असे नाही. उत्तर वाचकाला तिकडेच मिळते. काही कंपन्या पाटी पाळतात. ओपनएआयने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या बॉटचे ‘जीपीटीबॉट’ हे नाव जाहीर केले; गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘गुगल-एक्स्टेंडेड’ हे वेगळे नाव दिले. ते लिहून मनाई केली तर शोधयंत्रातील जागा कायम राहते, पण मजकूर शिकवणीसाठी वापरू नये एवढी सूचना जाते. मात्र ज्याने नावच जाहीर केले नाही, किंवा पाटी पाहिली आणि पुढे गेला, त्याचे काय करायचे?

यावर कोर्टात जाण्याचा मार्गही चोखाळला गेला आहे. ‘बिडर्स एज’ ही कंपनी ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर दिवसाला सुमारे एक लाख वेळा बॉट पाठवत असे. २००० साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने तिला मनाई केली, आणि आधार घेतला तो दुसऱ्याच्या चीजवस्तूंत ढवळाढवळ करण्यासंबंधीच्या जुन्या कायदेतत्त्वाचा. पण कोर्टात जायला प्रतिवादीचा पत्ता तरी माहीत असावा लागतो.

नाव सांगणारा आणि नाव असणारा

संकेतस्थळाच्या सर्व्हरला पाहुणा दिसत नाही. त्याच्याकडे येते ती एक मागणी: अमुक पान द्या. तिच्यासोबत दोन गोष्टी असतात. एक, उत्तर कोठे पाठवायचे तो आकड्यांचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता. दुसरी, मागणाऱ्याने स्वतःच लिहिलेले आपले नाव. हे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. बहुतेक खोटे बॉट ‘मी साधा ब्राउझर आहे’ असे सांगतात, आणि काही धीट बॉट ‘मी गुगलबॉट आहे’ असे सांगतात, कारण गुगलला सहसा कोणी अडवत नाही.

दारावर एक माणूस येऊन म्हणतो, “वीज मंडळाकडून आलोय, मीटर बघायचाय.” खात्री कशी कराल? त्यानेच दिलेल्या क्रमांकावर फोन करून उपयोग नाही. आपल्याला ठाऊक असलेल्या कार्यालयाच्या क्रमांकावर फोन करून विचारावे लागते. सर्व्हरही तसेच करतो. प्रथम तो आयपी पत्त्यावरून नाव शोधतो. ते ‘गुगलबॉट डॉट कॉम’ या शब्दांनी संपत असेल तर तो उलट दिशेने त्या नावावरून पत्ता शोधतो, आणि दोन्ही पत्ते जुळले तरच विश्वास ठेवतो. दोन्ही दिशांना का जायचे? पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद त्या पत्त्याच्या मालकाच्या हाती असते; तो तेथे वाटेल ते नाव लिहू शकतो. पण ‘गुगलबॉट डॉट कॉम’ या नावाखालील पत्ते फक्त गुगलच लिहू शकते. ही युक्ती मला फार आवडते. हिच्यात गणित नाही, गुप्त लिपी नाही. कोणती वही कोणाच्या ताब्यात आहे एवढाच विचार आहे.

यातून खोटा गुगलबॉट पकडला जातो. ‘मी साधा ब्राउझर आहे’ म्हणणारा मात्र सुटतो. त्याच्यासाठी त्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून वागणुकीकडे पाहावे लागते.

वागणुकीचे पहिले माप म्हणजे वेग. समजा, प्रत्येक पत्त्याच्या नावाने एक भांडे ठेवले आणि त्यात वीस नाणी टाकली. एका मागणीला एक नाणे खर्च होते, आणि दर दोन सेकंदांना एक नवे नाणे भांड्यात पडते. वीसपेक्षा जास्त साठत नाहीत. वाचकाने एक पान उघडले. पान एक आणि त्यातील चित्रे पंधरा, म्हणून सोळा नाणी गेली. वाचक दोन मिनिटे वाचत बसला, तेवढ्यात भांडे पुन्हा भरले. त्याला हा नियम आहे हे कळतही नाही. आता सेकंदाला दहा मागण्या करणारा बॉट घ्या. त्याचे भांडे दोन-सव्वादोन सेकंदांत रिकामे होते, आणि त्यापुढे त्याच्या वीस मागण्यांपैकी एकच पुरी होते. बाकीच्यांना ४२९ हा क्रमांक मिळतो, ज्याचा अर्थ ‘फार मागण्या झाल्या, थांबा’. (सरळ ‘प्रवेश नाही’ म्हणायचे असेल तर ४०३.)

हे सुबक आहे, पण आता आपल्या शाळेची संगणक-प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. तीस विद्यार्थी, आणि बाहेर जाणारा इंटरनेटचा पत्ता एकच. बाईंनी सांगितले, “सगळ्यांनी हे पान उघडा.” तीस गुणिले सोळा, म्हणजे ४८० मागण्या एकदम. सर्व्हरच्या दृष्टीने हा एक भयंकर अधाशी बॉट! मोबाइल सेवांमध्येही अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. म्हणजे भांडे लहान ठेवले तर शाळा अडकते, मोठे ठेवले तर बॉट सुटतो.

शिवाय बॉट चालवणाऱ्यांनीही भांड्यावर तोड काढली आहे. घराघरांतील संगणक आणि फोन यांची जोडणी भाड्याने मिळवून देणारे व्यवसाय आहेत. एखादे फुकटचे अॅप घेताना आपणही आपली जोडणी त्यांना नकळत देऊन बसलेले असू शकतो. मग एक लाख मागण्या एका पत्त्यावरून न येता पन्नास हजार घरांतून दोन-दोन करून येतात. एकाही भांड्यातील नाणी संपत नाहीत. २०२५ च्या मे-जून महिन्यांत विकिपीडियाचे वाचक, विशेषतः ब्राझीलमधून, अचानक वाढल्यासारखे दिसले. ओळखण्याची पद्धत सुधारल्यावर कळले, की त्यांतील पुष्कळसे वाचक नव्हतेच. माणसासारखे दिसावेत म्हणून मुद्दाम बनवलेले बॉट होते. तो फुगवटा काढून टाकला, तेव्हा माणसांनी पाने पाहण्याचे प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी घटलेले निघाले.

एक सापळा मात्र स्वस्त आणि मस्त आहे. पाटीवर लिहायचे, ‘या खोलीत जाऊ नये’, आणि त्या खोलीचा दुवा पानात असा ठेवायचा की माणसाला तो दिसत नाही. तेथे जो जाईल तो बॉटच, आणि तोही पाटी न पाळणारा. दुवा लपवताना एक काळजी घ्यावी लागते. अंध व्यक्ती पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतात. त्याच्यापासूनही तो लपवला नाही, तर सापळ्यात पहिला सापडेल तो अंध वाचक.

वाकडीतिकडी अक्षरे ओळखा, वाहतूक-दिव्यांची चित्रे निवडा, असे सांगणाऱ्या कॅप्चा नावाच्या परीक्षेबद्दल फार लिहीत नाही, कारण तिचे दिवस भरत आले आहेत. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी दाखवले, की स्वस्त मजुरीच्या देशांतील माणसांकडून हजार कॅप्चा सुमारे एका डॉलरला सोडवून मिळतात. २०२४ साली झुरिकच्या संशोधकांनी चित्रे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडून गुगलची चित्र-परीक्षा शंभर टक्के सोडवून घेतली. अंधांना आणि वृद्धांना मात्र ती अजूनही छळते.

कोडे घालणारा दारवान

ओळख पटवणे इतके अवघड असेल, तर ती पटवूच नये, असा एक वेगळा विचार आहे. कोणीही या, पण आत येण्याआधी थोडे कष्ट करा. कष्ट असे हवेत, की एका वाचकाला ते जाणवू नयेत आणि लाख पाने उपसणाऱ्याला मात्र जड जावेत. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी ही कल्पना १९९२ साली मांडली ती नको असलेली ई-पत्रे रोखण्यासाठी.

हे वर्गात करून पाहता येईल. मुलांना सांगा: ज्या संख्येच्या वर्गाला १०१ ने भागले असता बाकी ५ उरते, अशी सर्वात लहान संख्या शोधा. एक, दोन, तीन करत गेल्यास चव्वेचाळीस प्रयत्न फुकट जातात आणि पंचेचाळीसावा लागू पडतो. ४५ चा वर्ग २०२५. त्यातून १०१ ची वीसपट, म्हणजे २०२०, वजा केली की उरले ५. शोधायला पंचेचाळीस गुणाकार, तपासायला एक. शोधणे महाग आणि तपासणे स्वस्त, ही तफावत येथे कामाची आहे. एखादी चलाख मुलगी उलट बाजूने जाईल: ५, १०६, २०७ अशा संख्या लिहून त्यांत पूर्ण वर्ग कोठे येतो ते पाहील, आणि एकविसाव्या संख्येलाच उत्तर गाठेल. तिला शाबासकी द्यावी. पण दारवानाच्या कोड्यात अशी आडवाट असून चालणार नाही.

म्हणून प्रत्यक्षात एसएचए-२५६ नावाची क्रिया वापरतात. तिच्यात कोणताही मजकूर घातला तरी ६४ अंकांची, सोळाच्या पायावर लिहिलेली संख्या बाहेर पडते. मजकुरात एक अक्षर बदलले तर ती संख्या ओळखू येणार नाही इतकी बदलते, आणि हवी ती संख्या मिळवण्याची आडवाट आजवर कोणालाही सापडलेली नाही. सर्व्हर एक मजकूर देतो आणि म्हणतो, याला असा एक आकडा जोडा, की उत्तराचे पहिले चार अंक शून्य येतील. प्रत्येक अंकाच्या शक्यता सोळा, म्हणून सरासरीने सोळाचा चौथा घात, म्हणजे ६५,५३६ प्रयत्न करावे लागतात. वाचकाचा ब्राउझर ते थोड्या वेळात स्वतःच करतो.

‘अनुबिस’ नावाचा असा दारवान जानेवारी २०२५ मध्ये तयार झाला. अनुबिस हा प्राचीन इजिप्तचा कोल्ह्याच्या तोंडाचा देव. मेलेल्याचे हृदय तो पिसाशी तोलतो. ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने तो आपल्या दारात उभा केला. मार्च २०२५ मध्ये तेथे अडीच तासांत ८१ हजार मागण्या आल्या, आणि कोडे सोडवून आत गेल्या त्यांतील फक्त तीन टक्के.

आकडा मोठा आहे, पण त्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. मोठ्या कंपनीच्या संगणकांना ६५,५३६ प्रयत्न म्हणजे काहीच नव्हे. शिवाय एकदा कोडे सोडवले की मिळालेला पास काही दिवस चालतो. माझ्या मते बॉट अडले ते कष्टाला घाबरून नव्हे. कोडे सोडवण्यासाठी पानातील प्रोग्रॅम चालवावा लागतो, आणि पुष्कळ बॉट तो चालवतच नाहीत. ज्या दिवशी चालवू लागतील त्या दिवशी कोडी अवघड करावी लागतील, आणि त्याचा भुर्दंड पहिल्यांदा बसेल तो सात-आठ वर्षे जुना फोन वापरणाऱ्याला.

म्हणून कुंपण किती उंच करायचे हा प्रश्न तंत्रज्ञाचा एकट्याचा राहत नाही. सगळेच बॉट अडवले तर कोण अडते? सॅन फ्रान्सिस्कोचे इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवते. बंद पडलेली कितीतरी मराठी संकेतस्थळे आज वाचायची तर तेथेच वाचावी लागतात. ते कामही बॉटच करतो. एके काळी आर्काइव्ह पाटी काटेकोर पाळत असे. त्याचा परिणाम असा होई, की जुन्या संकेतस्थळाचे नाव दुसऱ्या कोणी विकत घेऊन मनाईची पाटी लावली की पूर्वीच्या मालकाच्या जपलेल्या प्रतीही दिसेनाशा होत. २०१७ साली आर्काइव्हने ही पाटी पाळण्याबाबत फेरविचार जाहीर केला, तो यासारख्या कारणांनी. मराठीपुरता आणखी एक पेच आहे. जाळ्यावर मराठी मजकूर आधीच थोडा. तोही कुंपणाआड गेला तर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला यंत्र धड उत्तर देणार नाही. आणि कुंपण घातले नाही, तर हौसेने चालवलेल्या लहान संकेतस्थळाचे भाडे वाढते आणि तेच एक दिवस बंद पडते. मी स्वतः असे संकेतस्थळ चालवत असतो तर पाटी लावली असती, भांडे जरा मोठे ठेवले असते, सापळा लावला असता, आणि आर्काइव्हला नाव तपासून आत घेतले असते. कोडे मात्र सर्व्हर बसू लागल्याशिवाय घातले नसते.

विकिपीडियापाशी या पेचाचे एक उत्तर फार पूर्वीपासून तयार आहे. मराठी विकिपीडियासह प्रत्येक भाषेतील विकिपीडियाचा सर्व मजकूर ठराविक काळाने गठ्ठा बांधून ठेवलेला असतो आणि कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. ग्रंथपालाने सगळी पुस्तके छापून दारातच रचून ठेवावीत, तसे. तरीही बॉट आत शिरून एकेक पान मागतातच, कारण सगळ्या जाळ्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला एका संकेतस्थळाच्या दारातील गठ्ठा दिसत नाही.